जोडीदार भारतात, तुम्ही कॅनडात: स्पॉन्सरशिपची फाइल कशी उभी करायची

एक जण कॅलगरीत किंवा टोरांटोत नोकरी करतो, दुसरा पुण्यात, नाशकात नाहीतर सांगलीत. लग्न ठरलेलं असतं किंवा झालेलंही असतं. आता जोडीदाराला स्पॉन्सर करून, म्हणजे आपल्या हमीवर कायमचं, कॅनडात बोलावून घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो "किती महिने लागतील?" आणि दुसरा "कागद कुठले लागतील?" दोन्ही रास्त आहेत. पण त्यांच्याही आधीचा एक प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत: कॅनडाच्या कायद्यानुसार आपलं नातं कुठल्या प्रकारात बसतं, आणि ते कुठल्या तारखेपासून धरलं जातं?

दूर राहणाऱ्या जोडप्याच्या फाइलचा कणा म्हणजे तारखा, असं माझं ठाम मत आहे. वर्षभर भेट झाली नाही म्हणून कुणाचा अर्ज आपोआप पडत नाही. ते वर्ष तुम्ही दोघांनी कसं काढलं हे फाइलमधून कळलं नाही, किंवा एका फॉर्ममध्ये एक आणि दुसऱ्यात भलतंच लिहिलं गेलं, तर मात्र गाडी अडते. म्हणून हा लेख कागदांच्या यादीपासून सुरू होत नाही.

इथे जे सांगितलंय ते जोडीदार कॅनडाबाहेर असताना फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांना कायमचं आणण्याचा इमिग्रेशनचा गट) करायच्या अर्जाबद्दल आहे. तुम्ही क्युबेकमध्ये राहत असाल तर संघ सरकारच्या प्रक्रियेशिवाय प्रांताला जोडीदाराच्या खर्चाची वेगळी हमी द्यावी लागते, आणि जून २०२४ पासून क्युबेकने अशा अर्जांच्या संख्येवर मर्यादाही घातली. त्यामुळे क्युबेकवाल्यांनी प्रांताचे नियम आधी बघावेत.

आधी प्रकार ठरवा

२८ जून २००२ पासून लागू असलेल्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टमध्ये जोडीदाराचे तीनच प्रकार आहेत: स्पाउस, कॉमन-लॉ पार्टनर आणि कॉन्जुगल पार्टनर. साखरपुडा झालेल्या जोडप्यासाठी अमेरिकेत असतो तसा वेगळा फियान्से व्हिसा कॅनडात नाही. साखरपुडा हा नात्याचा उत्तम पुरावा आहे, पण तेवढ्यावर स्पॉन्सर करता येत नाही.

स्पाउस म्हणजे कायदेशीर लग्न झालेला नवरा किंवा बायको. लग्न जिथे झालं तिथल्या कायद्यानुसार आणि कॅनडाच्या कायद्यानुसारही ते वैध हवं. दोघंही वयाने किमान १८ हवेत. आणि लग्नाच्या वेळी दोघंही प्रत्यक्ष हजर हवेत: ११ जून २०१५ पासून फोनवर, इंटरनेटवर किंवा दुसऱ्या कुणाला उभं करून लावलेलं लग्न इमिग्रेशनसाठी धरलं जात नाही. सवलत आहे ती फक्त कॅनडाच्या सैन्यातल्या लोकांना, काही परिस्थितीत. रजा मिळत नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर लग्न उरकण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो आजच सोडून द्यावा.

कॉमन-लॉसाठी सलग १२ महिने एका छताखाली, जोडप्यासारखं राहिलेलं असावं लागतं. मध्ये थोड्या दिवसांचं कामाचं किंवा घरचं जाणं-येणं चालतं. तुम्ही पूर्वी वर्षभर एकत्र राहिला असाल आणि नंतर एकाला कॅनडाला यावं लागलं असेल, नातं तसंच चालू असेल, तर हा मार्ग बंद होत नाही. जे कधी एकत्र राहिलेच नाहीत त्यांच्यासाठी तो नाही.

उरला कॉन्जुगल पार्टनर. दूर राहणाऱ्या अविवाहित जोडप्यांची नजर साहजिकच इथे वळते, म्हणून यावर थोडं थांबतो. या प्रकारात नातं किमान एक वर्षाचं हवं, जोडीदार कॅनडाबाहेर हवा, आणि तुम्हाला लग्न करणं किंवा एकत्र राहणं शक्य नव्हतं असं खरंखुरं कारण हवं. "आम्हाला अजून लग्न करायचं नाही" हे कारण नाही. "घरच्यांचा विरोध आहे" एवढंही सहसा पुरत नाही, कारण दोन सज्ञान माणसांना कायदा अडवत नसतो. कारण म्हणजे जोडीदाराला तिथल्या कायद्यात घटस्फोटच मिळू शकत नाही, व्हिसा वारंवार नाकारल्यामुळे एकत्र राहता आलं नाही, किंवा समलिंगी जोडप्याच्या लग्नाला त्या देशात मान्यता नाही.

भारतातल्या समलिंगी जोडीदारासाठी हा प्रकार खरोखर महत्त्वाचा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता दिली नाही. कॅनडात ती २० जुलै २००५ पासून देशभर आहे. पण नुसता हा निकाल दाखवून काम भागत नाही. अर्ज तपासणारा इमिग्रेशन ऑफिसर विचारू शकतो की मग कॅनडात येऊन लग्न का केलं नाही, तिसऱ्या देशात वर्षभर एकत्र का राहिला नाहीत. म्हणून व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज केला असेल आणि तो नाकारला गेला असेल, तर नकाराचं ते पत्र जपून ठेवा. ते तुमच्या बाजूचा पुरावा आहे. घरी सांगितलेलं नसेल, सांगणं सुरक्षित नसेल, तर तसं स्पष्ट लिहा आणि घरच्यांच्या पत्रांऐवजी ज्यांना नातं ठाऊक आहे अशा मित्रमैत्रिणींची, सहकाऱ्यांची पत्रं जोडा. नातं जोडप्याचं आहे का हे ठरवताना कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या एम विरुद्ध एच खटल्यात घेतलेल्या बाबी पाहिल्या जातात: राहणं, जवळीक, एकमेकांसाठी केलेली कामं, समाजातला वावर, पैशाचा आधार, मुलं, आणि इतर लोक तुमच्याकडे जोडपं म्हणून पाहतात का. सगळ्या बाबी असायलाच हव्यात असं नाही, पण दूर असूनही यातलं काय काय आहे ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

लग्न करणं शक्य असेल तर लग्न करून स्पाउस म्हणूनच अर्ज करा, असाच माझा सल्ला राहील.

लग्न आणि पीआर, आधी काय झालं?

आता या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा खड्डा. तुम्ही स्वतः एक्स्प्रेस एंट्रीतून (कुशल कामगारांसाठीची योजना) किंवा दुसऱ्या मार्गाने पीआरचा, म्हणजे कायमस्वरूपी रहिवासाचा, अर्ज केला तेव्हा अविवाहित होता. अर्ज चालू असताना भारतात गेलात, लग्न केलं, आणि "फाइल लांबायला नको" म्हणून कुणाला कळवलं नाही. पीआर मिळालं. आता बायकोला स्पॉन्सर करायला निघालात.

इमिग्रेशन कायद्याखालच्या नियमावलीतलं कलम ११७(९)(ड) सांगतं की पीआर होताना जो कुटुंबीय जाहीर केला नाही आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, त्याला नंतर फॅमिली क्लासमधून आणता येत नाही. मुदत संपली की मोकळं, असं इथे काही नाही. हे दार कायमचं बंद होतं. अपिलातही माणुसकीच्या मुद्द्यावर दिलासा मिळत नाही, कारण कायद्याच्या लेखी ती व्यक्ती फॅमिली क्लासमध्येच येत नाही. सप्टेंबर २०१९ पासून सरकारने काही मर्यादित प्रकरणांत सवलत दिली, पण तिच्या अटी अरुंद आहेत आणि त्यावर संसाराची आखणी करणं धोक्याचं आहे. शिवाय खरी माहिती दडवल्याचा मुद्दा निघाला तर तुमचं स्वतःचं पीआरही अडचणीत येऊ शकतं.

आपल्याकडे हा घोटाळा आणखी एका वाटेने होतो. आधी रजिस्टर लग्न, आणि मग सहा-आठ महिन्यांनी हॉल मिळाला, मुहूर्त निघाला की वैदिक पद्धतीने. घरचे सगळे दुसऱ्या तारखेलाच लग्न मानतात. मुलगी तोवर माहेरीच असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र स्पेशल मॅरेज ॲक्टखाली सह्या झाल्या त्या दिवसापासून तुम्ही विवाहित. मधल्या काळात तुमचं पीआर झालं आणि तुम्ही फॉर्मवर 'सिंगल' ठेवलंत, तर वरचं कलम लागू होतं. त्या मधल्या काळात जोडीदाराने कुठल्या व्हिसाच्या फॉर्मवर 'सिंगल' लिहिलं असेल तरी तो फॉर्म इमिग्रेशन खात्याकडे असतोच.

म्हणून पीआरचा अर्ज चालू असताना लग्न झालं तर ताबडतोब कळवा. फाइल लांबली तर लांबू दे. आणि लग्न अजून व्हायचं असेल, पीआर अगदी तोंडावर आलं असेल, तर आधी लँडिंग (पीआर म्हणून दाखल होणं) पूर्ण करून मग लग्न करणं सोयीचं पडतं का याचा दोन्ही घरांनी बसून विचार करावा.

स्पॉन्सर कोण होऊ शकतं

इथे फार गुंतागुंत नाही. वय १८ पूर्ण, कॅनडाचा नागरिक, पीआर किंवा तिथल्या मूळ रहिवाशांसाठीच्या 'इंडियन ॲक्ट'खाली नोंदलेली व्यक्ती. पीआर असलेल्याने अर्जाच्या काळात कॅनडात राहत असणं आवश्यक आहे. महिनाभर भारतात येऊन गेलात तर बिघडत नाही, पण नोकरी सोडून बायकोजवळ राहायला गेलात आणि अर्ज चालू ठेवलात तर पात्रता जाऊ शकते. नागरिक मात्र बाहेर राहूनही स्पॉन्सर करू शकतो, फक्त जोडीदार पीआर झाल्यावर दोघं कॅनडात राहणार आहोत हे पटवून द्यावं लागतं.

जोडीदारासाठी पगाराची किमान अट नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, आणि त्यापायी लोक दोन-दोन वर्षं थांबतात. उत्पन्नाचा निकष लागतो तो सोबत येणाऱ्या मुलाला स्वतःचं मूल असेल अशा क्वचित प्रसंगात. अपंगत्वाखेरीज इतर कारणाने सरकारी मदतीवर जगत असाल, दिवाळखोरीतून मुक्त झाला नसाल, किंवा आधीच्या हमीचे पैसे थकवले असतील तर मात्र स्पॉन्सर करता येत नाही. काही गुन्ह्यांतली शिक्षाही आड येते. आणि तुम्ही स्वतः पूर्वी कुणाचे तरी जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन आला असाल, तर तुमच्या पीआरच्या तारखेपासून पाच वर्षं नव्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही.

भारतातले लग्नाचे कागद

लग्नपत्रिका, फोटो, भटजींची पावती हे सगळं पूरक. मुख्य कागद म्हणजे नोंदणी कार्यालयाचं विवाह प्रमाणपत्र. विधिवत लग्न झालं असेल तर महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी होते, आणि ती लग्नापासून ९० दिवसांच्या आत करणं अपेक्षित असतं. रजा संपायच्या आत हे काम उरका. नोंदणीला दोघांची आणि साक्षीदारांची उपस्थिती लागते, आणि एक जण परत कॅनडाला गेला की ते काम पुढच्या फेरीपर्यंत लटकतं.

स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४ खाली लग्न करायचं असेल तर वेळेचं गणित आधी मांडा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस वास्तव्य हवं, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, आणि तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर नोटीस रद्द होते. तीन साक्षीदार लागतात. दोन आठवड्यांच्या रजेत हे बसवायचं तर नोटीस कधी आणि कशी द्यायची हे जोडीदाराने स्थानिक विवाह अधिकाऱ्याकडे जाऊन बरंच आधी विचारून ठेवावं.

आणखी एक. "व्हिसासाठी नुसतं सर्टिफिकेट काढून ठेवू, विधी नंतर करू" असं म्हणून हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करताच नोंदणी उरकणारे आहेत. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या कायद्याखाली आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न वैध ठरत नाही. आधी नोंदणीच करायची असेल तर ती स्पेशल मॅरेज ॲक्टखाली करा.

दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा लागतो. वेगळं राहणं किंवा दावा चालू असणं म्हणजे घटस्फोट नव्हे, आणि अपिलाची मुदत संपायच्या आत दुसरं लग्न केलं असेल तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय अर्ज करू नका. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं, सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. भाऊ इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही.

आपल्या नावांचाही एक हिशेब नीट लावावा लागतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, पासपोर्टवर तिसरंच काहीतरी, आणि लग्नात पहिलं नाव बदललं असेल तर आणखी एक भर. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं आणि बाकी प्रत्येक रूप 'इतर नावं' या रकान्यात द्यायचं. एकाच व्यक्तीची ही सगळी नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडलं तर चांगलंच. नाव बदलून नवा पासपोर्ट काढायचा असेल तर अर्जाआधी काढा. फाइल निम्म्यात असताना नाव बदलणं टाळा.

फॉर्म, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा

अर्ज पीआर पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आयएमएम १३४४ हा स्पॉन्सरचा अर्ज आणि हमी, यावर दोघांच्याही सह्या. आयएमएम ०००८ जोडीदाराचा मुख्य अर्ज. आयएमएम ५६६९ मध्ये मागच्या दहा वर्षांचा इतिहास, महिन्यानिशी: शिक्षण, नोकरी, घरी बसलेला काळ, सगळं. नोकरी नव्हती त्या चार महिन्यांची ओळ टाळू नका, 'बेरोजगार' असं लिहा. आयएमएम ५४०६ कुटुंबाचा. आयएमएम ५५३३ ही स्पाउससाठीची कागदांची यादी.

१३४४ मध्ये एक छोटा प्रश्न असतो: स्पॉन्सर अपात्र ठरला तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालू ठेवायचा? मागे घेतला तर फीचा बराच भाग परत मिळतो, पण अपिलाचा हक्क जातो. घाईत खूण करायची ही जागा नव्हे.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो आयएमएम ५५३२ ला. नात्याची सगळी हकिगत इथे येते: ओळख कुणी करून दिली, प्रत्यक्ष पहिली भेट कधी आणि कुठे, एकमेकांच्या घरच्यांना कधी भेटलात, लग्नाला किती लोक होते, कोण जवळचं माणूस आलं नाही आणि का. त्याच नियमावलीतल्या नियम ४ नुसार नातं खरं नसेल, किंवा ते मुख्यतः इमिग्रेशनच्या फायद्यासाठी जोडलं असेल, तर अर्ज नाकारता येतो. २०१० पासून या दोनपैकी एक गोष्ट सिद्ध झाली तरी पुरते. म्हणजे आज तुमचा संसार खरा आहे हे दाखवायचंच, शिवाय लग्न करताना हेतू काय होता हेही या फॉर्ममधून कळायला हवं.

"आम्ही तीन वर्षांपासून एकमेकांना ओळखतो, आमचं एकमेकांवर खूप प्रेम आहे आणि घरचेही खूश आहेत." या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. आता हे वाचा:

"मार्च २०२२ मध्ये माझ्या मावशीने स्थळ सुचवलं, तिचे दीर आणि माझ्या पत्नीचे वडील एकाच बँकेत होते. पहिलं बोलणं २० मार्चला व्हिडिओ कॉलवर झालं, साधारण तासभर. मी कॅनडात असल्यामुळे एप्रिलमध्ये आधी आमचे आईवडील एकमेकांना भेटले. प्रत्यक्ष भेट डिसेंबरमध्ये, मी रजेवर आलो तेव्हा. लग्नाला होकार देण्याआधी तिने तिची नोकरी आणि कॅनडात परत परीक्षा देण्याचा प्रश्न काढला. त्यावर आम्ही दोन महिने बोललो. माझा मोठा भाऊ लग्नाला नव्हता, कारण त्याच आठवड्यात त्याच्या मुलीचा जन्म झाला."

यात अलंकार नाहीत. प्रत्येक वाक्याला माणूस, महिना किंवा कारण आहे, आणि ते दुसऱ्या कुठल्यातरी कागदाशी पडताळून पाहता येतं. ठरवून केलेल्या लग्नाबद्दल संकोच बाळगू नका. चार भेटींत लग्न ठरणं आपल्याकडे नेहमीचं आहे. फक्त वाचणाऱ्याला ती पद्धत ठाऊक असेल असं गृहीत धरू नका. पत्रिका पाहिली, बैठक झाली, साखरपुडा आणि लग्न यांत इतकं अंतर का राहिलं, रजिस्टर लग्नानंतरही ती माहेरी का होती, हे साध्या शब्दांत समजावून सांगा.

तुमच्या गोष्टीत जी जागा दुखरी आहे तीच आधी हाती घ्या. वयात मोठं अंतर, आंतरधर्मीय लग्न, घटस्फोटानंतर लगेच ठरलेलं लग्न, आईवडील लग्नाला न येणं, जोडीदाराचा आधी नाकारलेला स्टुडंट व्हिसा. ऑफिसरच्या नजरेला हे पडणारच. तुम्ही स्वतः कारणासह सांगितलंत तर ते तुमच्या आयुष्याचा एक भाग म्हणून वाचलं जातं. चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षांची बंदी येते, आणि ती एजंटने भरलेल्या फॉर्ममुळे आली तरी भोगायची तुम्हालाच. पैसे घेऊन सल्ला देण्याची परवानगी फक्त परवानाधारक इमिग्रेशन कन्सल्टंट, वकील, परवानाधारक पॅरालीगल आणि क्युबेकचे नोटरी यांनाच आहे. "तुमचं नाव कशाला हवंय फाइलवर, मी मागून बघतो" असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

फॉर्म भरून झाले की दोघांनी व्हिडिओ कॉल लावून सगळ्या तारखा एका कागदावर उतरवा: ओळख, पहिला कॉल, प्रत्येक भेट, साखरपुडा, नोंदणी, लग्न, प्रत्येक परतीचा प्रवास. मग तो कागद पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटं, आधीचे व्हिसाचे अर्ज आणि पाचही फॉर्म यांच्याशी ताडून पाहा. कंटाळवाणं काम आहे. पण पुढे मुलाखत झाली तर दोघांची उत्तरं जुळतात ती यामुळेच, कारण दोघांनी पाठ केलेलं नसतं, आठवून लिहिलेलं असतं.

पुरावा किती आणि कोणता

कागदांच्या यादीत मर्यादा दिलेली आहे: फोटो जास्तीत जास्त २०, आणि संपर्काच्या पुराव्याची पानं सुमारे १०. लग्नाच्या अल्बममधले २० फोटो देऊ नका. लग्नाचे पाच-सहा पुरेत, बाकीचे वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या लोकांसोबतचे. प्रत्येकाखाली ओळ लिहा: "१८ डिसेंबर २०२२, सांगली, साखरपुडा. डावीकडून अर्जदाराची आई, अर्जदार, स्पॉन्सर, स्पॉन्सरचे मामा."

चॅटची निवड करताना गोड बोलण्यापेक्षा रोजचं बोलणं उपयोगी पडतं. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची चौकशी, घरभाड्याची चर्चा, इंटरव्ह्यू कसा झाला, कुणाच्या बारशाला किती पैसे द्यायचे. दर काही महिन्यांतून एक पान घेतलं की सगळा काळ झाकला जातो. कॉल लॉगचा एखादा स्क्रीनशॉट पुरतो. पाठवलेले पैसे, विम्यात किंवा नोकरीच्या नोंदीत वारस म्हणून लावलेलं जोडीदाराचं नाव, एकत्र खातं, प्रवासाचे बोर्डिंग पास हे सगळं दूर राहणाऱ्या जोडप्यासाठी वजनदार. मुळात जे झालंच नाही ते अर्जासाठी घाईघाईने तयार करू नका. अर्जाच्या आधीच्या आठवड्यात उघडलेलं एकत्र खातं फारसं काही सांगत नाही.

फी, आणि वाट पाहण्याचा काळ

३० एप्रिल २०२४ पासून जे दर होते त्यांनुसार स्पॉन्सरशिप ८५ डॉलर, प्रक्रिया ५४५ आणि पीआरच्या हक्काची फी ५७५, म्हणजे १,२०५ कॅनेडियन डॉलर. बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ वेगळे. हे दर दर दोन वर्षांनी वाढतात, तेव्हा भरायच्या दिवशीचा आकडा सरकारी संकेतस्थळावर बघूनच भरा.

अर्ज गेला की आधी तो पूर्ण आहे का ते पाहिलं जातं. सही राहिली, फॉर्मची जुनी आवृत्ती वापरली, तर सगळंच परत येतं. पूर्ण असेल तर पोच आणि फाइल नंबर मिळतो. मग बायोमेट्रिक्सचं पत्र येतं, ते दिल्यापासून ३० दिवसांत व्हिसा केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. स्पॉन्सरची पात्रता, जोडीदाराची वैद्यकीय तपासणी, पार्श्वभूमीची तपासणी हे पुढे आगेमागे चालतं. तपासणी नेमून दिलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच करायची. घरच्या डॉक्टरांचा रिपोर्ट चालत नाही. जोडीदाराला मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, म्हणून उपचाराचा खर्च जास्त येईल या कारणाने जोडीदाराचा अर्ज नाकारता येत नाही, हे लक्षात असू द्या. ही भीती बाळगून लोक आजार लपवतात. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट भारतासाठी पासपोर्ट सेवेतून मिळतं. १८ व्या वर्षानंतर, मागच्या दहा वर्षांत, ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहणं झालं तिथलंही लागतं; दुबईत किंवा जर्मनीत नोकरी केली असेल तर ते आधीच मागवून ठेवा.

सरकारचं जुनं उद्दिष्ट १२ महिन्यांचं. प्रत्यक्षात कमी-जास्त होतं. हा काळ मनाने फार जड जातो हे मी जवळून पाहिलं आहे. रोज स्टेटस बघण्यापेक्षा एकमेकांना भेटण्याचा मार्ग शोधा. पीआरचा अर्ज चालू असतानाही व्हिजिटर व्हिसा मागता येतो. कायद्याचं कलम २२(२) सांगतं की पुढे स्थायिक होण्याचा इरादा असणं हे तात्पुरतं येण्याच्या आड येत नाही, फक्त मुदतीत परत जाण्याची तयारी दिसली पाहिजे. जोडीदाराने स्पॉन्सरशिपची माहिती लपवून "फिरायला येतोय" असं लिहिणं मात्र घातक. वैध तात्पुरत्या दर्जावर कॅनडात आलेल्या जोडीदाराला २०२३ पासून काही अटींवर ओपन वर्क परमिटसाठीही अर्ज करता येतो.

या काळात बाळ झालं, पत्ता बदलला, नवा पासपोर्ट आला, तर लगेच कळवा. बाळ जाहीर करायचं राहून गेलं तर मघाचंच कलम त्याच्या वाट्याला येतं. जोडीदाराला आधीच्या लग्नातून २२ वर्षांखालचं अविवाहित मूल असेल, ते येणार नसलं तरी त्याचं नाव अर्जात हवं आणि त्याची वैद्यकीय तपासणीही व्हायला हवी.

संशयाचं पत्र आलं, किंवा नकार आला

नकाराआधी बहुधा प्रोसिजरल फेअरनेस लेटर येतं: आम्हाला अमुक शंका आहे, इतक्या दिवसांत उत्तर द्या. उत्तर त्या शंकेलाच द्या. पुन्हा सगळे फोटो पाठवण्याने काही होत नाही. दिवस कमी पडत असतील तर मुदत संपायच्या आत लेखी वाढ मागा.

नकार आलाच तर कॅनडाबाहेरून केलेल्या अर्जासाठी स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं, कारणांसह नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत. तिथे नवा पुरावा देता येतो, साक्ष देता येते, त्यामुळे हा खरा हक्क आहे. कॅनडात राहून इन-कॅनडा क्लासमधून केलेल्या अर्जाला हे अपील नाही, फक्त फेडरल कोर्टाचा मार्ग आहे. जोडीदार भारतात असताना बाहेरूनचा अर्ज बरा, त्याचं एक मोठं कारण हेच. ऑफिसरने नेमकं काय टिपून ठेवलंय ते पाहायला जीसीएमएस नोट्स (इमिग्रेशन खात्याच्या संगणकातल्या तुमच्या फाइलवरच्या नोंदी) मागवा. माहितीच्या अधिकाराखाली कॅनडातून अर्ज केला तर पाच डॉलर लागतात. त्या वाचल्याशिवाय नवा अर्ज टाकू नका.

पीआर मिळाल्यावर

जोडीदार पीआर झाला त्या दिवसापासून तीन वर्षं स्पॉन्सरची आर्थिक हमी चालू राहते. नोकरी गेली, घटस्फोट झाला, तरी ती संपत नाही. जोडीदाराने सरकारी मदत घेतली तर ती फेडावी लागते. सही करताना हे दोघांनी समजून घेतलेलं असावं.

आणि येणाऱ्या जोडीदाराने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पूर्वी नव्या जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती, ती एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली. पीआर मिळाल्यावर घरात मारहाण होत असेल, पासपोर्ट काढून घेतला जात असेल, "परत पाठवीन" अशी धमकी मिळत असेल, तर ते घर सोडल्याने खऱ्या नात्यातून मिळालेलं पीआर जात नाही. धमकी देणाऱ्याच्या हातात तो अधिकारच नसतो. तातडीच्या वेळी फोन ९११ वर.

पीआर कार्ड टपालाने येतं, त्यासाठी कॅनडातला पत्ता १८० दिवसांत कळवावा लागतो. ते हातात येईपर्यंत भारताचं तिकीट काढू नका. कार्ड नसताना परतीच्या विमानात बसायचं तर भारतातून पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट मागवावं लागतं, आणि त्यात पुन्हा काही आठवडे जातात.